हातानं बंद केलेला व्हॉल्व्ह

१

स्फोट झाला गुरुवारी सकाळी दहा वाजून सव्वीस मिनिटांनी, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत कंपनीला गुन्हेगार सापडलाही होता. सोय अशी, की तो मेलेला होता.

त्याचं नाव बुद्धभूषण रंगारी. वय चौतीस, मूळचा नागपूरचा. डलासपासून दीड तासावर पाइन क्रॉसिंग नावाचं गाव आहे, तिथल्या रेझिनच्या कारखान्यात तो शिफ्ट सुपरवायझर होता. प्लायवूडचे थर चिकटवायला जो घट्ट लालसर रस लागतो, तो तिथे तयार व्हायचा.

सोमवारी सकाळी दीक्षा नगराळे अर्विंगहून गाडी चालवत तिथे पोचली, तेव्हा हवेत अजून करपल्याचा उग्र वास होता. गेटवर फलक तसाच होता: ‘अपघाताविना १,९९८ दिवस’. तो उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

फुटलेल्या, जळलेल्या कारखान्यांत जाऊन ते का फुटले हे शोधायचं आणि पुन्हा फुटू नयेत म्हणून काय करायचं ते लिहायचं, कामगारांना शिकवायचं, हे दीक्षाचं काम. अकरा वर्षं ती हेच करत होती. या वेळी तिच्या फर्मला बोलावलं होतं कारखान्याचे सेफ्टी मॅनेजर मनोहर परचुरे यांनी. दीक्षा शिकून बाहेर पडली तेव्हा तिला कुणी इंटरव्ह्यूलाही बोलवत नव्हतं. परचुरेकाकांनी एक फोन केला आणि तिला पहिली नोकरी लागली. दिवाळीला ती त्यांच्या घरी जायची. काकूंच्या हातच्या चकल्या घेऊन यायची.

“बरं झालं तू आलीस,” काका म्हणाले. ते चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले होते. “बाहेरचं कुणी नको वाटलं. पोरगा चांगला होता गं. पण हट्टी.”

प्लांट मॅनेजर ग्रेग टॅलबटनं लगेच कागद पुढे सरकवला. कॉम्प्युटरची नोंद होती. फिनॉल आणि फॉर्मलिन एकत्र आले की उष्णता सुटते, म्हणून फॉर्मलिन बेतानं सोडावं लागतं. मोठ्या भांड्याला, म्हणजे केटलला, ठरलेल्या मापापेक्षा जास्त ताप चढला की फॉर्मलिनचा पुरवठा आपोआप तोडणारी व्यवस्था असते. तिला इंटरलॉक म्हणतात. गुरुवारी नऊ एक्केचाळीसला कुणीतरी तीन नंबरच्या केटलचा इंटरलॉक बायपास केला होता, म्हणजे तात्पुरता वगळला होता. लॉगिन होतं भूषणचं.

“पंचेचाळीस मिनिटांनी केटलचं झाकण पार्किंगमध्ये येऊन पडलं,” ग्रेग म्हणाला. “वाफेनं पेट घेतला. दोघं भाजले, एक गेला. त्यानं स्वतःच स्वतःला मारलं. आणखी काय शोधायचं राहिलंय?”

“मला केटल बघू द्या,” दीक्षा म्हणाली.

वाफ बाहेर पडायच्या पाइपावरची, दाब वाढला की फुटून वाट करून देणारी सुरक्षा-चकती फुटली होती, म्हणजे तिनं आपलं काम केलं होतं. पण पाइप जुन्या, मंद बॅचच्या मापाचा होता, एवढ्या वाफेला तो पुरला नव्हता. दीक्षा काळ्या पडलेल्या नळ्यांमधून वाकून पुढे गेली. फॉर्मलिनच्या लाइनवर, ऑटोमॅटिक व्हॉल्व्हच्या अलीकडे, हातानं फिरवायचा एक लोखंडी चाकाचा व्हॉल्व्ह होता. तिनं टॉर्च मारला आणि दांड्याकडे पाहत राहिली.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता. चाकाला चामड्याच्या हातमोज्याचा एक जळका तुकडा चिकटला होता.

स्फोटाच्या आधी कुणीतरी इथे उभं राहून फॉर्मलिन हातानं तोडलं होतं.

२

कंट्रोल रूम शाबूत होती. लुईस ऑर्तेगा तिथेच बसला होता, रजा दिली असतानाही. अठ्ठावन्न वर्षांचा ऑपरेटर, एकोणतीस वर्षं याच कारखान्यात.

“घरी बसवत नाही,” तो म्हणाला. “विचार काय विचारायचं ते.”

“त्या दिवशी काय झालं?”

“ताप चढू लागला. भूषण म्हणाला, आता फॉर्मलिन तुटेल, आता तुटेल. तुटेना. फॉर्मलिन जातच होतं. तो ओरडला, व्हॉल्व्ह अडकलाय! मग मला म्हणाला, लुईस, सगळ्यांना घेऊन रस्त्यापलीकडे जा. आणि तो उलट्या बाजूनं धावला. केटलकडे.”

“पडद्यावर बायपासची खूण नव्हती?”

“आमच्या पडद्यावर दिसत नाही. ती इंजिनियरच्या पानावर असते. त्याला सुपरवायझर म्हणून ते पान उघडता यायचं, पण बायपास आहे हे माहीत असेल तर ना उघडणार.”

दीक्षानं कंट्रोल रूमपासून केटलपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. चौसष्ट. परत येऊन ती त्याच खुर्चीत बसली. बायपास काढायला दोन क्लिक लागत होते. दोन क्लिक, आणि फॉर्मलिन त्याच क्षणी आपोआप तुटलं असतं. ज्यानं स्वतः बायपास टाकला त्याला हे ठाऊक असणारच. तो खुर्चीत बसून दोन क्लिक करेल. फुटायला आलेल्या केटलकडे चौसष्ट पावलं धावत जाणार नाही.

भूषण धावला, कारण त्याला बायपास असल्याचं माहीत नव्हतं. व्हॉल्व्ह अडकलाय असंच तो शेवटपर्यंत समजत होता.

म्हणजे ते लॉगिन दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं.

“त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक होता?”

लुईस खांदे उडवून हसला, पण ते हसू नव्हतं. “कुणाला नव्हता? सगळ्या सुपरवायझरांचे पासवर्ड ऑटोमेशनवाल्यानं लावून दिलेले. इंजिनियरिंग रूममधल्या फळ्यामागे चिकटवलेत.”

बायपास टाकताना कारण लिहावं लागतं. दीक्षानं ती नोंद पुन्हा वाचली. इंग्रजीत दोन ओळी: दुसरा सेन्सर जास्त ताप दाखवतो. ०७/१० ला तपासूनही फरक आहे. बॅच पूर्ण होईपर्यंत बायपास.

तिनं टेबलावरची शिफ्टची वही ओढली. भूषणचं अक्षर सुबक, टपोरं. प्रत्येक तारीख तो महिना अक्षरांत लिहून घालत होता. सात ऑक्टोबर. नऊ ऑक्टोबर. एकाही पानावर नुसते आकडे नव्हते.

“हे काय?”

“अरे, त्याचं वेड ते,” लुईस म्हणाला. “पहिल्या वर्षी एका ड्रमवरच्या तारखेचा घोळ झाला. मे की जून, कुणाला कळेना. तेव्हापासून महिना अक्षरात. आम्हालाही लावली सवय. चिडवायचो आम्ही त्याला.” त्यानं मान खाली घातली. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, “आणखी एक गोष्ट. कंपनीच्या वकिलांना सांगितलीय मी. सव्वानऊला इथला फोन वाजला. तो तुमच्या भाषेत बोलत होता. चिडलेला. कुठल्या तरी बाईचं नाव घेत होता सारखं. तीनदा घेतलं. लेकी डियाझ.”

“लेकी डियाझ?”

“असंच काहीतरी. वकील सगळ्या टेक्ससमध्ये शोधताहेत तिला.”

तुमच्या भाषेत. दीक्षानं वही मिटली. त्या कारखान्यात मराठी बोलणारे भूषण धरून तीन जण होते. आता दोन उरले होते.

३

दुसऱ्या दिवशी तिनं आधी त्या दुसऱ्या सेन्सरचं रजिस्टर मागवलं. ग्रेग टॅलबटनं स्वतः आणून दिलं.

“दहा जुलै,” नोंदीवर बोट ठेवून तो म्हणाला. “साडेतीन महिन्यांपूर्वी तपासलेला सेन्सर. रंगारीचा त्यावर विश्वास नसणं समजू शकतो.”

“दहा जुलैला हा सेन्सर बसवलेलाच नव्हता,” दीक्षा रजिस्टर त्याच्याकडे फिरवत म्हणाली. “तो सप्टेंबरमध्ये आला. तपासणी एकदाच झालीय. सात ऑक्टोबरला.”

ग्रेगला अर्थ लागला नाही. अमेरिकन माणूस, सात तिरकी रेघ दहा म्हणजे त्याच्या लेखी दहा जुलै. तारीख आधी आणि महिना मागून लिहिणारा माणूस म्हणजे भारतात शिकलेला, इथे फार न मुरलेला, घाईत हात जुन्या वळणावर गेलेला. भूषण तर आकड्यांत तारीख लिहितच नव्हता. मनोहरकाकांना इथे बत्तीस वर्षं झाली होती. त्यांच्या केबिनमधल्या प्रत्येक कागदावर महिना आधी होता.

उरला शंतनू केतकर. ऑटोमेशन इंजिनियर. पुण्याचा. तीन वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेला.

तिनं त्याला गावातल्या कॉफी शॉपमध्ये बोलावलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

“मी आणि भूष्या रूममेट होतो यार,” तो म्हणाला. “पहिलं वर्षभर. तो मला शंत्या म्हणायचा. त्याची आई आली की माझ्यासाठी पण डबा यायचा.”

“सात ऑक्टोबर आकड्यात लिही,” दीक्षानं नॅपकिन पुढे केला.

त्यानं पेन घेतलं. सात लिहिला, रेघ ओढली, आणि थांबला. पेन नॅपकिनवर तसंच टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका पसरत गेला.

“मी टाकला बायपास,” तो हळू म्हणाला. “त्याच्या लॉगिननं. पण मला सांगितलं होतं, की भूषण तयार आहे. तो बॅचमध्ये अडकलाय, त्याचं बोलणं झालंय, तू फक्त टाईप कर.”

“कुणी सांगितलं?”

शंतनूनं मान हलवली. “माझ्या ग्रीन कार्डचा कागद त्यांच्या सहीनं पुढे गेलाय. बायको आठव्या महिन्यात आहे. नाव विचारू नकोस.”

“ग्रेग?”

त्यानं नॅपकिनची घडी केली, पुन्हा उलगडली.

“शंतनू, भूषणनं तुला फोनवर नाही म्हटलं होतं का? सव्वानऊला?”

“मला? मी त्याच्याशी त्या दिवशी बोललोच नाही!” त्याचा आवाज फाटला. शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून पाहू लागल्या. “एकदा बोललो असतो तर तो आज… एक फोन करायचा होता मी. एक फोन.”

तो खरं बोलत असेल, तर सव्वानऊचा फोन दुसऱ्याचा होता. आणि खोटं बोलत असेल, तर तो स्वतःच्या मित्राचा नकार ऐकून, त्याच्याच नावानं बायपास टाकून, वर रडतही होता. दीक्षाला दोन्ही शक्य वाटत होतं. आणि एका नावाचा विचार ती मुद्दाम पुढे ढकलत होती, हे तिचं तिला कळत होतं.

४

भूषणची आई, रमाबाई, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आली होती. नागपूर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दार उघडताच तिनं हात जोडले. “जयभीम. या.”

“जयभीम, मावशी.”

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी भूषणचा कंपनीच्या हेल्मेटमधला हसरा फोटो. रमाबाई रडत नव्हती. तिनं चहा ठेवला, साखर विचारली.

“तुमी कंपनीकडून आल्या ना?” ती म्हणाली. “मग सरळ सांगा. माया पोराचं चुकलं का?”

“नाही, मावशी. इंटरलॉक त्यानं काढलेला नाही. एवढं मी आजच सांगते.”

रमाबाईनं डोळे मिटले. मग उघडले. “काल तुमच्या कंपनीचा एक माणूस आला होता. सोबत दुभाषी होता, हिंदी बोलणारा. म्हणे, इथे सही करा, पुढचं सगळं आम्ही बघून घेऊ. पोराचं नाव खराब होऊ देणार नाही म्हणे. मी म्हटलं, जे काय म्हणता ते लेखी द्या. तो गडबडला. तोंडी चालेल म्हणे. मी म्हटलं, काहून चालेल? लेखी द्या.”

दीक्षाच्या हातातला कप तसाच राहिला.

“काय म्हणालात?”

“लेखी द्या. आमच्या घरात सवयच आहे ती. भूषणचे बाबा दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात होते. साहेबानं काही वाकडंतिकडं करायला सांगितलं, की ते म्हणायचे, साहेब, लेखी द्या. आवाज न चढवता. एकदाही कुणी लेखी दिलं नाही, आणि त्यांच्या सेक्शनला एकदाही आग लागली नाही. भूषणनं ते लहानपणापासून ऐकलेलं.”

लेकी डियाझ. सगळ्या टेक्ससमध्ये वकील जिला शोधत होते ती बाई अस्तित्वातच नव्हती. लुईसच्या कानानं एक अनोळखी वाक्य ऐकलं होतं आणि त्याचं ओळखीचं नाव करून ठेवलं होतं. ‘लेखी द्या. लेखी द्या. लेखी द्या.’

दीक्षानं ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं आणि कप खाली ठेवला. द्या. दे नव्हे. रूममेट असलेल्या शंत्याला भूषण ‘लेखी दे’ म्हणाला असता, तेसुद्धा शिवी घालून. चिडलेला असतानाही तो अहो-जाहो करत होता. म्हणजे फोनवर त्याच्याहून मोठं, मान द्यावा असं कुणीतरी होतं. मराठी बोलणारं.

त्या कारखान्यात असा एकच माणूस होता.

“काय झालं पोरी?” रमाबाईनं विचारलं. “चहा गोड झाला का?”

५

मनोहरकाका केबिनमध्ये पुस्तकं खोक्यात भरत होते. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते.

“येत्या डिसेंबरला रिटायर व्हायचं होतं,” ते म्हणाले. “आता लवकरच सोडीन म्हणतो. बस. अहवाल कुठवर आला?”

“झालाय जवळजवळ. पहिला, जुना सेन्सर मी काढून पाहिला. त्याच्यावर रेझिनचा बोटभर थर होता, महिनोन् महिने चढत गेलेला. म्हणून तो ताप कमी दाखवत होता. नवीन सेन्सर खरं सांगत होता.”

“हं.”

“बायपास शंतनूनं टाकला. त्यानं कबूल केलंय.”

काकांनी एक पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं, खोक्यात ठेवलं. “व्हिसावरची मुलं. घाबरट असतात. ग्रेगनं दम दिला असेल.”

“ग्रेगनं वेग वाढवायला सांगितलं होतं, ते रेकॉर्डवर आहे. फॉर्मलिन जलद सोडलं की नव्या सेन्सरवरून इंटरलॉक पुरवठा तोडणार, हे उघड होतं. पण ग्रेगला एकदा तुटल्यानं काय फरक पडला असता? अर्धा तास उशीर. फरक दुसऱ्याच गोष्टीला पडणार होता.” दीक्षा खिडकीकडे गेली. तिथून गेटवरचा फलक दिसत होता. “कंपनीच्या नियमानं इंटरलॉकनं पुरवठा तोडला की ती घटना धरतात, आकडा शून्यावर येतो. शनिवारी दोन हजार दिवस पुरे होणार होते. हेड ऑफिसचे लोक येणार होते. तुमचा सत्कार होता, काका. काकूंनी मला बोलावलं होतं.”

काकांनी खोक्याच्या कडा दाबून बसवल्या.

“गुरुवारी सकाळी तुम्ही डलासला सेमिनारला होतात. तिथून कंट्रोल रूमला फोन केला होतात?”

“नाही. दीक्षा, तू मला हे विचारतेस? मला?” त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. “तुझ्यासाठी मी शब्द टाकला तेव्हा तुला कुणी दारात उभं करत नव्हतं. भूषणलाही मीच घेतला. त्याला सुपरवायझर मी केला. आणि दोन तासांचा प्रश्न होता फक्त, एक साधी गोष्ट सांगितली तर… समजुतीनं घ्यायचं असतं माणसानं. पण नाही. तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. लेखी हवं, सही हवी, शिक्का हवा!”



‘तुम्हा लोकांना.’ अकरा वर्षांच्या चकल्या, दिवाळ्या, पाठीवरचे हात, त्या सगळ्याच्या खाली हे दोन शब्द शांतपणे बसून होते तर. दीक्षाला वाटलं होतं की या क्षणी आपण रडू. तिला रडू आलं नाही. आपण हे आधीच ओळखायला हवं होतं, एवढीच एक कोरडी चीड आली.

“भूषणनं लेखी मागितलं,” ती म्हणाली, “हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही, काका. लुईसला मराठी येत नाही. वकील त्याला बाईचं नाव समजून बसलेत. त्या फोनवर काय बोलणं झालं ते भूषणला ठाऊक होतं, आणि फोन करणाऱ्याला.”

काका सावकाश खुर्चीत बसले. 

“मला वाटलं, सेन्सरच बिघडलाय,” ते म्हणाले. “खरंच वाटलं. जुना कमी दाखवत होता, तो आम्हाला बरा वाटत होता. त्यानं ऐकलं नाही, म्हणून मी शंतनूला सांगितलं की भूषण हो म्हणालाय. काय होणार होतं? दोन तास. फक्त दोन तास, दीक्षा.”

“तुम्ही त्याला निदान कळवलं असतंत की बायपास टाकलाय, तर त्यानं दोन क्लिकमध्ये काढला असता.”

“कळवलं असतं, तर त्यानं लगेच काढला असता,” काका म्हणाले. “म्हणून तर…”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

६

दीक्षानं सगळं लिहिलं. फोन, फलक, दोन हजार दिवस, फळ्यामागचे पासवर्ड, ऑपरेटरच्या पडद्यावर न दिसणारा बायपास, लहान पाइप. तिच्या फर्मच्या साहेबानं अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “हा ग्राहक आपला आहे. हेतू वगैरे लिहायचं आपलं काम नाही.” पाच पानं गळली. दीक्षानं राजीनामा दिला आणि मूळ प्रत सरकारी तपास करणाऱ्यांकडे पाठवली. मग सात महिने कागद इकडून तिकडे फिरत राहिले.

त्या सात महिन्यांत शंतनूनं सगळं शपथेवर सांगितलं. कंपनीनं लॉगिनच्या गैरवापराबद्दल त्याला काढून टाकलं. व्हिसाच्या नियमानं दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस होते, ती मिळाली नाही. महिन्याची मुलगी घेऊन तो पुण्याला परत गेला. ग्रेग टॅलबट लुइझियानातल्या दुप्पट मोठ्या कारखान्यावर गेला, बढतीवर. मनोहर परचुरे तब्येतीच्या कारणानं निवृत्त झाले. त्यांचं नाव सरकारच्या छापील अहवालात कुठेच आलं नाही. ‘स्थानिक व्यवस्थापनाने’ एवढाच शब्द होता, आणि त्यात कुणीही मावत होतं. यंदाच्या गणपतीतही महाराष्ट्र मंडळाच्या आरतीला तेच पुढे असणार, असं कुणीतरी दीक्षाला सांगितलं.

रमाबाईचा मुक्काम या चौकशीपायी वाढला होता. अहवाल आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिची परतीची फ्लाइट होती. दीक्षाच तिला विमानतळावर सोडायला गेली. सामान देऊन झाल्यावर दोघी एका बाकावर बसल्या. रमाबाईनं पिशवीतून अहवालाची प्रत काढली. त्रेचाळिसाव्या पानावर पेन्सिलनं खूण होती.

“इथे त्याचं काम लिहिलंय म्हणतात. सुपरवायझर एवढा शब्द मला लागला. बाकीचं मराठीत सांग.”

दीक्षानं वाचलं. “लिहिलंय, की शिफ्ट सुपरवायझरनं ठरलेल्या पद्धतीचं पूर्ण पालन केलं. इंटरलॉक काम करत नाही असं दिसल्यावर त्यानं सहकाऱ्यांना बाहेर काढलं आणि पुरवठा हातानं बंद केला. त्यामुळे स्फोटाची तीव्रता कमी झाली आणि सात जणांचे प्राण वाचले.”

“सात.”

“हो.”

“आणि त्याची चूक?”

“काहीच नाही, मावशी. त्याची काहीच चूक नव्हती.”

रमाबाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. नातवंडाच्या वहीतला धडा तपासावा तसं.

“तू लोकांना शिकवतेस ना, अशा वेळी काय करायचं ते?”

“शिकवते.”

“मग काय सांगतेस? अशा वेळी व्हॉल्व्ह बंद करायला जावं?”

प्रत्येक ट्रेनिंगच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर एकच शब्द लिहायची आणि सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची. समोरची बाई चाळीस वर्षं शिक्षिका होती. तिच्यापुढे खोटं उत्तर टिकणार नव्हतं.

“नाही, मावशी,” ती म्हणाली. “मी सांगते, पळा.”

रमाबाईनं मान डोलावली. अहवाल नीट घडी करून पिशवीत ठेवला, चप्पल सारखी केली आणि उठली.

“मी मात्र त्याला पळायचं कधी शिकवलं नाही,” ती म्हणाली, आणि तपासणीच्या रांगेकडे चालू लागली.